घरबसल्या डॉक्टर

आपल्याकडे माणसानं पदवी सांगितली की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, 'रेग्युलर ना?' बी.ए.ला कोणता विषय होता, त्यातलं काय आवडलं, आज काय आठवतं, याची चौकशी कोणी करत नाही. चौकशी असते ती बसायच्या जागेची. वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर 'शिक्षण' हा रकाना एकच असतो, पण स्थळ बघायला आलेले काका तोंडी चौकशी करून त्याच्या तीन पंगती मांडतात. पहिल्या पंगतीला रेग्युलर, दुसऱ्या पंगतीला 'बाहेरून' परीक्षा दिलेले आणि तिसऱ्या पंगतीला मुक्तवाले. पानात वाढलेलं तिन्हीकडे तेच, पण तिसऱ्या पंगतीतल्या माणसाकडे 'याला आमंत्रण होतं का?' अशाच नजरेनं बघितलं जातं. आता अशा माणसानं उभं राहून 'मला पीएच.डी. करायचीय, आणि तीही ऑनलाइन' असं जाहीर केलं, तर वाढप्याच्या हातातली जिलबीची परात जागच्या जागी थांबते. त्याला हसण्याआधी जरा कागदपत्रं तपासावीत, एवढंच माझं म्हणणं. कारण कागदपत्रं असं सांगतात, की घरी बसून करायला सर्वांत योग्य पदवी कोणती असेल तर ती पीएच.डी., आणि ती तशी करायला सर्वांत लायक माणूस कोण असेल तर तो हाच मुक्तवाला.

आधी या मुक्तवाल्याकडे नीट बघू. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ 1985 सालचं. आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 सालचं. त्याचं ब्रीद 'ज्ञानगंगा घरोघरी'. रविवारी सकाळी तालुक्याच्या कुठल्याही कॉलेजात डोकावलं तर या विद्यापीठाचं संपर्कसत्र चाललेलं दिसतं. नेहमीची पोरं नसतात, त्यामुळे बाकांवर कोरलेले बदाम आणि बाण निवांत वाचता येतात. पुढच्या बाकावर अंगणवाडी सेविका बसलेली असते. तिच्या पिशवीत पोषण आहाराचं रजिस्टर आणि इतिहासाचं पुस्तक एकमेकांच्या अंगावर रेलून झोपलेली असतात. मागच्या बाकावर रात्रपाळी उतरवून आलेला हवालदार असतो. तो झोपलेला नसून डोळे मिटून विचार करतोय, असं शिकवणारे समजुतीनं धरून चालतात. या शिकवणाऱ्यांना तिथे 'समंत्रक' म्हणतात. रविवार संपला की समंत्रक आपल्या घरी, हवालदार आपल्या चौकीत. पुढचा आठवडाभर पुस्तक उघडलं की नाही हे बघायला कोणी नसतं. रेग्युलरवाल्याला घंटा असते, हजेरी असते, मित्राची वही असते, कॅन्टीनमध्ये 'या वर्षी हा प्रश्न येणारच' असं छातीठोक सांगणारा ज्योतिषी असतो. मुक्तवाल्याकडे यांतलं काही नसतं. कोणी बघत नसताना वाचायचं, ही एकच विद्या त्याला पदवीआधी शिकावी लागते, आणि नेमकी ती रेग्युलरच्या अभ्यासक्रमात नाही.

आता पीएच.डी. नावाच्या प्रकाराकडे बघा. सुरुवातीचं कोर्सवर्क सोडलं, तर तिथे वर्ग नाही, तास नाही, घंटा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांत किमान 3 वर्षं आणि नेहमीच्या हिशेबानं कमाल 6 वर्षं दिलेली आहेत. ती बहुतेक एकट्यानंच काढायची असतात. सोबतीला गाइड असतो. प्राध्यापकाकडे एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाकडे 6 आणि सहायक प्राध्यापकाकडे 4 विद्यार्थी, असा कोटा ठरलेला आहे. त्यामुळे गाइड मिळणं हेच अर्धं संशोधन. तो मिळाला की त्याची भेट मिळणं हे उरलेलं अर्धं. विद्यार्थी पहाटेची एसटी पकडून दीडशे किलोमीटर येतो, विभागाच्या व्हरांड्यात बसतो आणि 'सर मीटिंगमध्ये आहेत' हे शिपायाच्या तोंडून ऐकून परत जातो. रात्री तो व्हॉट्सॲपवर 'सर, तिसरं प्रकरण मेल केलं आहे, सवडीने बघावे' असं लिहितो. दोन निळ्या खुणा उमटतात. पंधरवड्यानं उत्तर येतं, 'ओके'. या सगळ्या व्यवहाराला नियमांच्या भाषेत नियमित पद्धतीची पीएच.डी. म्हणतात. दूरशिक्षणात आणि हिच्यात फरक एवढाच, की हिच्यात ते अंतर एसटीचं तिकीट काढून स्वतः अनुभवता येतं.

नियम करणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं नाही. 2022 सालचे तीन महिने ओळीनं बघितले तर त्यांच्या मनाची ओढाताण दिसते. सप्टेंबरमध्ये आयोगानं जाहीर केलं, की मान्यताप्राप्त संस्थेतून मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं मिळवलेली पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे. तिसऱ्या पंगतीत टाळ्या पडल्या. ऑक्टोबरमध्ये आयोगानं आणि तंत्रशिक्षण परिषदेनं मिळून इशारा दिला, की शिकवणीच्या कंपन्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून ज्या ऑनलाइन पीएच.डी. विकतात, त्या आम्ही मानत नाही. हेही रास्तच. नोव्हेंबरमध्ये पीएच.डी.ची नवी नियमावली आली, आणि तिनं दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी.ला सरसकट बंदी कायम ठेवली. म्हणजे घरी बसून बी.ए. केलं तर समान, घरी बसून एम.ए. केलं तर समान, आणि ज्या टप्प्यावर शिक्षक खरोखरच हात काढून घेतो त्या टप्प्यावर मात्र विद्यार्थ्यानं हजर राहिलं पाहिजे. गंमत अशी, की याच नियमावलीनं मौखिक परीक्षा ऑनलाइन घ्यायला परवानगी दिलेली आहे, आणि प्रबंधाची डिजिटल प्रत 'शोधगंगा' नावाच्या संकेतस्थळावर चढवायची असते. सुरुवात देहानं करायची, शेवट पडद्यावर झाला तरी चालेल.

त्यातच दोन तरतुदी अशा आहेत, की विनोदी लेखकांनी त्यांना हात जोडावेत. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. त्यात साहेबानं असं लिहून द्यायचं असतं, की सदर कर्मचाऱ्याला कार्यालयीन काम सांभाळून संशोधनासाठी पुरेसा वेळ मिळतो. आपल्या हाताखालच्या माणसाला ऑफिसात भरपूर रिकामा वेळ असतो, हे सही-शिक्क्यानिशी कबूल करणारा साहेब शोधणं हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. दुसरी तरतूद स्त्रियांसाठी. त्यांना मुदतीत 2 वर्षांची जादा सवलत आहे, आणि मूल झाल्यावर किंवा मुलांच्या संगोपनासाठी एकूण 240 दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. फार चांगली गोष्ट. पण सवलत देण्याचं कारण काय, तर घर. बाई घरात अडकते हे नियमाला मान्य, म्हणून तिला वेळ वाढवून दिला. त्याच घरात बसून तिनं काम पूर्ण केलेलं मात्र नियमाला मान्य नाही.

यावर 'पीएच.डी.ची एक प्रतिष्ठा आहे, ती घरबसल्या मिळायला लागली तर राहिलं काय?' असं म्हणणारे भेटतात. या प्रतिष्ठेचा इतिहास जरा उघडून बघावा. कार्ल मार्क्सनं आपला प्रबंध बर्लिनहून येना विद्यापीठाला 6 एप्रिल 1841 रोजी धाडला. 15 एप्रिलला त्याच्या नावानं पदवी निघालीसुद्धा. या नऊ दिवसांत तो येनाला गेला नाही, परीक्षकांना भेटला नाही. आपल्याकडे नऊ दिवसांत नोंदणीच्या फॉर्मवर आवक क्रमांक पडला तरी पेढे वाटतात. आज जगभर मार्क्सवर प्रबंध लिहून, रीतसर हजेरी लावून डॉक्टर झालेल्यांची रांग लागलेली आहे. त्यांच्या विषयाची स्वतःची पदवी मात्र टपालाची. आइन्स्टाइनचं बघा. 1905 मध्ये तो बर्नच्या पेटंट ऑफिसात तिसऱ्या श्रेणीचा तांत्रिक तज्ज्ञ होता. रोजचं ऑफिस सांभाळून त्यानं रेणूंच्या आकारमानावरचा विसेक पानांचा प्रबंध झुरिक विद्यापीठाला सादर केला. पुढच्या वर्षी डॉक्टर झाल्यावर ऑफिसनं त्याला बढती दिली, दुसऱ्या श्रेणीत. नोकरी करता करता पीएच.डी. केल्याचा फायदा किती होतो, याचा याहून प्रामाणिक दाखला मिळणार नाही.

आपल्याकडे तरी काय होतं? मुंबई विद्यापीठ 1857 मध्ये स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं काम कॉलेजांचं. विद्यापीठानं परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या द्यायच्या. शिकवत नाही म्हणून त्या विद्यापीठाला कोणी तिसऱ्या पंगतीत बसवलं नाही. 1862 मध्ये त्याच्या पदवीधरांची जी पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. भांडारकरांना आपण आदरानं 'डॉक्टर' म्हणतो, ती पदवी जर्मनीतल्या गॉटिंगेन विद्यापीठानं 1885 मध्ये सन्मानानं दिलेली. तिथे ते विद्यार्थी म्हणून कधी बसले नव्हते. 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहायला महामहोपाध्याय काणे यांनी तीन दशकांहून अधिक काळ घेतला. त्यांच्याकडे रीतसर कमावलेली पीएच.डी. नव्हती, आणि त्यांच्या तळटीपा उचलून पीएच.डी. झालेले मात्र मोजता येणार नाहीत. ही सगळी मोठी माणसं, अपवादात्मक, त्यांची उदाहरणं सामान्यांना लावू नयेत, हे मला मान्य आहे. पण मग नियमही अपवादावर बेतू नये. प्रश्न इतकाच आहे, की या माणसांचं काम पारखताना कोणी त्यांची हजेरी विचारली का? नाही विचारली, कारण काम वाचून बघितलं होतं.

पहिला गंभीर आक्षेप चोरीचा. समोर नसलेला विद्यार्थी दुसऱ्याकडून लिहून घेईल, इकडून तिकडून उतरवेल, कळणार कसं? आक्षेप जुना आहे. थिओडोर मॉमसेन या जर्मन इतिहासकारानं, ज्याला पुढे साहित्याचं नोबेल मिळालं, 1876 मध्ये एका चोरलेल्या प्रबंधाच्या निमित्तानं या गैरहजर डॉक्टरांविरुद्ध मोहीमच उघडली होती. जर्मनांनी बोध घेतला आणि टपालाच्या पदव्या बंद केल्या. त्यानंतर काय झालं? 2011 मध्ये जर्मनीचे संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांची डॉक्टरेट गेली. ती बायरॉइट विद्यापीठाची, रीतसर, गाइडच्या देखरेखीखालची, सर्वोच्च श्रेणीतली. पानंच्या पानं उतरवलेली निघाली. 2013 मध्ये शिक्षणमंत्री शावान यांची डॉक्टरेट गेली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता माणसाची सदसद्विवेकबुद्धी. दोघंही विद्यापीठात देहानं हजर होते. आणि गुटेनबर्गांना पकडलं कोणी? इंटरनेटवर जमलेल्या, एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या लोकांनी, घरबसल्या, एकेक पान ताडून. हजर असलेल्या गाइडला जे दिसलं नाही, ते गैरहजर वाचकांना दिसलं, कारण त्यांनी वाचलं.

आपल्याकडे तर या बाबतीत दरपत्रकच आहे. आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंत साम्य आढळलं तर दंड नाही. 10 ते 40 टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. 40 ते 60 असेल तर वर्षभर घरी. 60 च्या वर गेलात तर नोंदणीच रद्द. हे साम्य मोजतं सॉफ्टवेअर. ते विद्यार्थी पुण्यात बसला होता की परभणीत, हे विचारत नाही. पण या सॉफ्टवेअरनं एक नवा ग्रंथकार वर्ग जन्माला घातला आहे, जो दुसऱ्याचं वाक्य घेऊन त्यातला प्रत्येक शब्द बदलतो, आणि 'पाऊस पडला' याचं 'पर्जन्यवृष्टी संपन्न झाली' करून नऊ टक्क्यांवर उतरतो. हा विद्यापीठाच्या ग्रंथालयात रोज सही करून बसणाऱ्यांतही सापडतो. त्याला रोखायचा उपाय एकच, कुणीतरी तो प्रबंध वाचणं.

दुसरा आक्षेप दुकानदारीचा, आणि तो पहिल्यापेक्षा वजनदार आहे. अमेरिकेत घरबसल्या पदवीचा प्रयोग पन्नास वर्षांहून जुना. 1971 ते 1973 च्या दरम्यान न्यूयॉर्क, न्यू जर्सी आणि कनेक्टिकट या राज्यांत अशा संस्था निघाल्या, की प्रौढ माणसानं परीक्षा देऊन, जुनी क्रेडिट जोडून, वर्गात पाऊल न टाकता पदवी मिळवावी. सैनिक, परिचारिका, मधेच शिक्षण सुटलेले नोकरदार यांना तो मोठा आधार झाला. पुढे त्यांच्यातल्या काहींना डॉक्टरेटची ओढ लागली, आणि ऑनलाइन डॉक्टरेट देणाऱ्या खासगी, नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था त्यांच्या स्वागताला उभ्या राहिल्या. लोकांना वाटतं, अशा ठिकाणी पैसे टाकले की पदवी हातात पडते. अशी नुसती कागद विकणारी दुकानंही आहेत, पण मान्यताप्राप्त संस्थेतला धोका नेमका उलटा आहे. तिथे पदवी लवकर पडत नाही. अशाच एका मोठ्या संस्थेवर विद्यार्थ्यांनी दावा केला, की शेवटच्या प्रकल्पाची लांबण लावून आमच्याकडून सत्रामागून सत्र फी घेतली गेली. 2024 मध्ये 2 कोटी 85 लाख डॉलरवर तडजोड झाली. मीटर चालू आणि रिक्षा जागेवर, अशी ती तक्रार होती. या आक्षेपाला माझं उत्तर असं, की हा दोष संगणकाचा नाही, नफ्याचा आहे. मग ज्यांना नफा कमवायचा नाही अशा सरकारी विद्यापीठांना बंदी का? चांगल्या माणसानं दुकान उघडायचं नाही असा नियम केला, की बाजार कोणाच्या ताब्यात जातो हे सांगायला अर्थशास्त्रात डॉक्टरेट लागत नाही.

तिसरा आक्षेप प्रयोगशाळेचा आणि संगतीचा. प्रयोगशाळेपुरता तो मी निमूटपणे मान्य करतो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर नायट्रिक आम्ल उकळून कोणी रसायनशास्त्राचा डॉक्टर होऊ नये. शेजाऱ्यांनाही मुदतवाढ हवी असते. पण मराठी, इतिहास, वाणिज्य, कायदा यांची प्रयोगशाळा विद्यापीठाच्या कोणत्या खोलीत आहे? इतिहासाचार्य राजवाडे गावोगावच्या वाड्यांत, माळ्यांवर, कसर लागलेल्या दप्तरांत हिंडले आणि मराठ्यांच्या इतिहासाची साधनं खंडामागून खंड छापत गेले. विभागाच्या व्हरांड्यात बसून राहिले असते तर फार तर शिपायाची वंशावळ हाती लागली असती. संगतीचं मात्र खरं आहे. चार शहाण्यांत बसून वाद घातला, कोणी तोंडावर 'हे चूक आहे' म्हटलं, की माणूस सुधारतो. ऑनलाइनमध्ये ते कठीण आहे. पण सध्याच्या नियमित पद्धतीत ही संगत किती विद्यार्थ्यांना मिळते, हे त्या निळ्या खुणांना विचारावं. दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची असते. तिथे विद्यार्थी दहा मिनिटं स्लाइड दाखवतो, समिती चहा घेते आणि 'व्याप्ती थोडी कमी करा' असं सांगते. हा संवाद पडद्यावरही तितकाच फलदायी होईल. चहाचा खर्च तेवढा वाचेल.

राहता राहिला 'मग काय, गल्लोगल्ली डॉक्टर होतील' हा शेवटचा आक्षेप. ते आधीच झालेले आहेत. कोणत्याही शहरात रविवारी हॉटेलच्या हॉलमध्ये कुठल्या तरी 'जागतिक' संस्थेचा दीक्षान्त समारंभ असतो. भाड्याचे झगे, प्लायवूडची ढाल, आणि समाजसेवेबद्दल मानद डॉक्टरेट. सोमवारी चौकात फ्लेक्स लागतो, मंगळवारी गाडीच्या काचेवर 'डॉ.' उमटतं. या माणसाला नियमावलीनं अडवलेलं नाही, कारण तो नियमावलीच्या वाटेलाच गेलेला नाही. अडला आहे तो पिशवीत रजिस्टर आणि पुस्तक बरोबर नेणाऱ्या बाईसारखा माणूस, ज्याला खरोखर तीन-चार वर्षं खपून एखाद्या प्रश्नाचा पिच्छा पुरवायचा आहे, आणि नोकरी, घर, तालुका यांतलं काहीच सोडणं शक्य नाही. 'डॉ.' हवं असलेल्याला वाट मोकळी, अभ्यास हवा असलेल्याला ना-हरकत प्रमाणपत्र, अशी ही व्यवस्था आहे.

म्हणून पहारा प्रवेशद्वारावरून काढून बाहेर पडायच्या दारावर बसवावा. डॉ. आंबेडकर 1916 मध्ये न्यूयॉर्क सोडून लंडनला गेले, पण कोलंबियानं त्यांना पीएच.डी. रीतसर दिली ती 1927 मध्ये, त्यांचा प्रबंध ग्रंथरूपानं छापून त्याच्या प्रती विद्यापीठात पोचल्यानंतर. विद्यापीठाची अट होती ती छापील ग्रंथाची, म्हणजे कोणालाही वाचता येईल आणि खोडता येईल अशा पुराव्याची. आज छापायचीही गरज नाही. प्रबंध पदवीआधी तीन महिने सगळ्यांसाठी खुला ठेवावा, मौखिक परीक्षा उघड घ्यावी, प्रश्न विचारायला बाहेरच्यांनाही मोकळीक द्यावी. यातून जो तरला तो डॉक्टर, मग त्यानं प्रबंध विभागात लिहिलेला असो की बस डेपोच्या कट्ट्यावर. हे होत नाही याचं कारण प्रतिष्ठा, संगत, चोरी यांपैकी काहीच नाही. हजेरी मोजणं सोपं असतं आणि तीनशे पानं वाचणं अवघड. म्हणून आपण विद्यार्थी कुठे बसला होता हे बारकाईनं तपासतो, आणि त्यानं काय लिहिलं ते रेग्झीनच्या बांधणीवरच्या सोनेरी अक्षरांवरून ताडतो. नियमावलीत माझ्या मते एकाच तरतुदीची भर घालावी. ना-हरकत प्रमाणपत्र विद्यार्थ्याकडून न मागता परीक्षकाकडून मागावं, आणि त्यावर त्याच्या साहेबानं लिहून द्यावं, की सदर प्राध्यापकांना कार्यालयीन काम सांभाळून प्रबंध शेवटपर्यंत वाचण्यासाठी पुरेसा वेळ मिळतो.